पखालीतले पाणी आणि वाळवंटातली लढाई

सातारा शहरापासून जवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. सारा जिल्हा त्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतो. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान मारले गेले आणि त्यांच्या आठवणीसाठी इंग्रज सरकारने तिथे स्मारक उभारले. आजही गावात असे घर शोधावे लागते ज्यातून कोणी फौजेत गेलेले नाही. त्या काळचा सातारा जिल्हा मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्याचे वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचेच नाव सांगली पडले. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या कागदात 'जिल्हा सातारा' एवढेच लिहिलेले असले, तरी तो माणूस कृष्णेच्या कोणत्या काठचा हे गावाच्या नावावरूनच कळते.

इथली माणसे तेव्हा ज्या पलटणींत भरती होत, त्यांना मराठा पलटणी म्हणत. 103, 105, 110, 114, 116 आणि 117 हे त्यांचे क्रमांक. नावावरून वाटते तशा त्या एकाच समाजाच्या नव्हत्या. बहुतेक पलटणींत आठ कंपन्यांपैकी दोन दख्खनी मुसलमानांच्या असत, अशी साधारण रचना होती. म्हणजे आपल्याच वाड्या-मोहल्ल्यांतले शेख, मुल्ला, पठाण, मुजावर, शिकलगार घराण्यांतले तरुण शेजारच्या जाधव-पवारांच्या खांद्याला खांदा लावून बोटीत बसले आणि बसऱ्याला उतरले. मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. घरच्या बोलण्यात त्याचे नाव 'बसऱ्याची लढाई' एवढेच राहिले.

ही माणसे तिथे कशाने मेली, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. गोळीने मेली असे धरून चालतो. पण त्या मोहिमेचे वर्णन वाचू लागले की गोळीइतकेच दुसरे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात: ऊन, तहान, गढूळ पाणी, पटकी. वाळवंटात मोहीम आखताना पाण्याचा हिशेब कोणी आणि कसा केला, यावर हजारो घरांचे भवितव्य ठरले. त्या हिशेबाची ही गोष्ट आहे. ती आपल्या माणसांची आहे, आणि इस्लामच्या इतिहासाशीही तिचा जवळचा संबंध आहे.

आधी हिशेब समजून घेऊ

माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत दुष्काळात संसार केलेल्या बाईला हा हिशेब शिकवावा लागत नाही. प्यायला किती, स्वयंपाकाला किती, म्हशीला किती, आणि टँकर उद्या आला नाही तर काय, हे तिच्या डोक्यात सतत चालू असते. सेनापतीला नेमके हेच करावे लागते, फक्त आकडे मोठे असतात.

सोयीसाठी गोल आकडे धरू. उन्हात चालणाऱ्या माणसाला पिण्याला आणि अन्न शिजवायला दिवसाला 5 लिटर पाणी. घोड्याला किंवा खेचराला 30 लिटर. 15 हजार माणसे आणि 5 हजार जनावरे अशी फौज घेतली, तर माणसांना 75 हजार आणि जनावरांना दीड लाख, म्हणजे रोज सव्वादोन लाख लिटर पाणी लागते. त्याचे वजन 225 टन. एक उंट 100 लिटरच्या आसपास पाणी वाहतो असे धरले, तर रोज सव्वादोन हजार उंट हवेत. विहीर एका दिवसाच्या वाटेवर मागे राहिली, तर निम्मे उंट जाताना आणि निम्मे येताना, म्हणजे साडेचार हजार. फौज आणखी एक मजल पुढे सरकली की हा आकडा पुन्हा वाढतो. शिवाय उंटही कधीतरी पितोच, आणि उंट हाकणारा रोज पितो.

भाकरी निम्म्यावर आणता येते. दारूगोळा जपून वापरता येतो, कधी शत्रूचा हाती लागतो. पाण्याला असा पर्याय नाही. एक दिवस ते आले नाही तर फौज थकते, दुसऱ्या दिवशी जनावरे कोसळतात, आणि मग माणसे. म्हणून वाळवंटात मोहीम आखणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. वाटेत पाणी कुठे आहे? लढाई संपेल त्या जागेवरचे पाणी कोणाच्या हाती असेल? आणि लढाई ठरल्या दिवशी जिंकता आली नाही, तर परत येण्यापुरते पाणी आहे का? तिसरा प्रश्न विचारायला सेनापतीला अंगात नम्रता लागते. इतिहासात बहुतेक जण त्याच प्रश्नावर घसरले.

बद्रच्या विहिरी

हिजरी सन 2 च्या रमजानमध्ये, म्हणजे इसवी सन 624 च्या मार्चमध्ये, मदिनेहून निघालेली तीनशेच्या वर माणसांची छोटी फौज बद्रजवळ पोहोचली. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी एका जागी मुक्काम ठरवला. तेव्हा हुबाब बिन मुंजिर (रजि.) हे अन्सारी पुढे आले. ही जागा अल्लाहच्या हुकमाने ठरली आहे की हा युद्धातला आपला विचार आहे, असे त्यांनी अदबीने विचारले. हा विचार आहे असे उत्तर मिळताच त्यांनी आपले मत मांडले: शत्रूला सर्वांत जवळ असलेल्या विहिरीपर्यंत पुढे जावे, तिथे हौद बांधून तो भरून घ्यावा आणि बाकीच्या विहिरी बुजवाव्यात. पैगंबरांनी (स.) हा सल्ला मानला आणि मुक्काम हलवला.

आपण हा प्रसंग मशवऱ्याचे महत्त्व सांगण्यासाठी नेहमी ऐकतो. तो पाण्याच्या नियोजनाचाही पहिला धडा आहे. ज्याला त्या प्रदेशाची माहिती आहे त्याने बोलावे, आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने ऐकावे.

त्याच प्रसंगाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. कुरैशांच्या बाजूचे काही लोक त्या हौदावर पाणी प्यायला आले. त्यांत हकीम बिन हिजाम होते, जे पुढे मुसलमान झाले. मुसलमान त्यांना हाकलायला निघाले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना पिऊ देण्यास सांगितले, असे सीरतच्या जुन्या ग्रंथात आले आहे. विहिरी ताब्यात घेणे हा युद्धाचा भाग होता. पण समोर तहानलेला माणूस उभा राहिला तेव्हा त्याला हौदावरून उठवले गेले नाही.

पुढे हिजरी सन 9 मध्ये तबूकची मोहीम ऐन उन्हाळ्यात निघाली. तिला 'तंगीची फौज' म्हणतात. हजरत उस्मान (रजि.) यांनी तिच्यासाठी मोठा खर्च उचलला. मदिनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली करणारेही तेच. वाटेत समूद लोकांच्या ओसाड वस्तीतल्या विहिरींचे पाणी पिऊ नये, त्या पाण्यात मळलेले पीठ उंटांना घालावे, अशी ताकीद फौजेला होती. त्याचे कारण धार्मिक होते. पण हजारो तहानलेल्या माणसांना विहिरीपुढून कोरडे नेता येते, ही शिस्त सेनापतीच्या शब्दावर विश्वास असल्याशिवाय येत नाही.

इसवी सन 634 मध्ये हजरत खालिद बिन वलीद (रजि.) इराकहून शामकडे निघाले तेव्हा मधला पट्टा निर्जळ होता. तबरीने दिलेल्या हकिकतीनुसार, त्यांच्या वाटाड्याने उंटांना आधी तहानलेले ठेवून मग पोटभर पाणी पाजले आणि त्यांची तोंडे बांधली. वाटेत रोज काही उंट कापून त्यांच्या पोटातले पाणी घोड्यांना दिले. शेवटच्या दिवशी एका काटेरी झुडपाच्या बुंध्याशी खणून पाणी काढले. या वाटाड्याचे नाव राफी बिन उमैरा. खालिद (रजि.) यांचे शौर्य सर्वांना माहीत असते. राफीची ओळख फारशी कोणाला नसते.

हित्तीनचा दिवस

पाण्याचा हिशेब चुकला की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे 4 जुलै 1187 ची हित्तीनची लढाई. क्रुसेडरांची फौज सफ्फूरियाच्या झऱ्यांजवळ निवांत होती. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी (रह.) यांनी तिबरियाला वेढा दिला, तो मुख्यतः त्यांना तिथून बाहेर काढण्यासाठी. तिबरियाच्या किल्ल्यात काउंट रेमंडची पत्नी अडकली होती. तरीही रेमंडनेच न जाण्याचा सल्ला दिला, कारण वाटेत एवढ्या फौजेला पुरेल असे पाणी नव्हते. राजा गायने आधी ते मानले आणि रात्रीत मन बदलले.

3 जुलैला फौज भर उन्हात निघाली. सुलतानाच्या घोडेस्वारांनी तिला मागून, बाजूने सतावत रोखून धरले. रात्र कोरड्या माळावर काढावी लागली. सकाळी वाळलेल्या गवताला आग लावून धूर त्यांच्या अंगावर सोडण्यात आला. तिबरियाचा मोठा तलाव समोर दिसत होता, पण मध्ये सलाहुद्दीनची फौज होती. दुपारपर्यंत सारे संपले.

लढाईनंतर सुलतानाने कैदेतल्या राजाला थंडगार पाणी दिले. ज्याला पाणी दिले त्याला अभय, ही अरबांची जुनी रीत होती आणि ती पाळली गेली. ज्यांनी तहानेचे शस्त्र वापरले, त्यांनीच लढाई संपताच पाण्याचा पेला पुढे केला.

सलमान पाकच्या सावलीत

आता आपल्या माणसांकडे येऊ. नोव्हेंबर 1914 मध्ये उस्मानी तुर्कस्तान युद्धात उतरले आणि इंग्रजांनी हिंदी फौज बसऱ्याला उतरवली. खलिफाच्या नावाने जिहादचा पुकारा झाला होता. दख्खनी मुसलमान शिपायासमोर पेच होता: हातात इंग्रजांची बंदूक, समोर कलमा पढणारी फौज. महिन्याचे 11 रुपये आणि घरी लागलेला दुष्काळ एका पारड्यात, आणि मन दुसऱ्या पारड्यात. त्या पिढीतल्या फार थोड्या लोकांनी याबद्दल काही लिहून ठेवले. पुढे खिलाफत चळवळ उभी राहिली त्यामागे ही बोच होती.

एप्रिल 1915 मध्ये बसऱ्याजवळ शुऐबा येथे लढाई झाली. 110 आणि 117 या मराठा पलटणी तिथे होत्या. इंग्रज जिंकले आणि त्या विजयाने त्यांचा लोभ वाढला. मोहिमेचा मूळ हेतू तेलाच्या नळांचे आणि बंदराचे रक्षण करण्याचा होता. आता नजर बगदादवर गेली. नदीच्या काठाकाठाने जायचे असल्याने पाण्याची चिंता नाही, असे वरच्यांना वाटले. पण दजला नदीत पुरेशा बोटी नव्हत्या, दवाखान्यांची सोय नव्हती, आणि नदीपासून चार-पाच मैल दूर गेले की तोच कोरडा माळ होता.

22 नोव्हेंबर 1915 रोजी जनरल टाउनशेंडच्या फौजेने किस्राच्या प्रचंड कमानीजवळ तुर्की खंदकांवर हल्ला केला. इंग्रजी पुस्तकांत याला टेसिफॉनची लढाई म्हणतात. जवळच हजरत सलमान फारसी (रजि.) यांची कबर आहे, म्हणून त्या गावाला सलमान पाक म्हणतात. 103, 110 आणि 117 या तिन्ही पलटणी तिथे लढल्या. सातारा-सांगलीच्या मुसलमान तरुणाने जे नाव मशिदीत ऐकले होते, त्या सहाबींच्या कबरीपाशी तो दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी लढत होता. इंग्रजांकडचे सुमारे 4,600 जण मारले गेले किंवा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत घालून मैलोन् मैल मागे नेले. त्या प्रवासाची वर्णने वाचवत नाहीत.

उरलेली फौज कूत येथे कोंडली गेली. 147 दिवसांच्या वेढ्यानंतर 29 एप्रिल 1916 रोजी तिने शरणागती पत्करली आणि सुमारे 13 हजार माणसे कैद झाली. तिन्ही मराठा पलटणी त्यांत होत्या. पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि रस-अल-ऐनच्या रेल्वेकामावर त्यांतले हजारो मेले.

दुजैला: एका दिवसापुरते पाणी

कूतची सुटका करण्यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांत पाण्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रयत्न दुजैलाचा. आराखडा धाडसी होता. 7 मार्च 1916 च्या रात्री जनरल आयल्मरच्या सुमारे 20 हजार माणसांनी नदी सोडून उघड्या माळावरून चालत जायचे आणि पहाटे तुर्की फळीच्या टोकावरच्या दुजैलाच्या ठाण्यावर अचानक तुटून पडायचे. रात्रीची ती चाल यशस्वी झाली. उजाडताना ठाणे जवळपास मोकळे होते. पण आराखड्यात तोफा आधी जागेवर आणून मग हल्ला असे लिहिले होते, म्हणून वाट पाहिली गेली. तेवढ्या वेळात तुर्कांनी माणसे आणली. संध्याकाळपर्यंतचे हल्ले फसले. सुमारे साडेतीन हजार माणसे कामी आली किंवा जखमी झाली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रयत्न करता आला असता का? नाही. नदी मागे राहिली होती आणि एवढ्या माणसांना, जनावरांना पुरेल असे पाणी तिथे नव्हते. फौजेला परत फिरावेच लागले. पाणी एका दिवसापुरते होते, म्हणून विजयही त्याच एका दिवसात मिळवायला हवा होता. तो तास हातात आला तेव्हा आराखड्याला चिकटून बसणाऱ्यांनी तो सोडला. पाण्याचा आणि वेळेचा हिशेब एकच असतो, हे ज्याला कळले नाही त्याने शिपायाची तहान फुकट घालवली.

इंग्लंडमध्ये याची चौकशी झाली. मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल 1917 मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. मधल्या काळात बोटी, रेल्वे, मोटारी आल्या. तरी जुलै 1917 मध्ये, ऐन उन्हाळ्यात, फुरात काठच्या रमादीवर हल्ला करण्याची चूक झालीच. त्यात 566 माणसे कामातून गेली. त्यांतली 321 गोळीने नव्हे, उष्म्याने गेली. नदी शेजारी असूनही हे झाले. सप्टेंबरच्या अखेरीस, उन्हाचा कहर ओसरल्यावर, नीट तयारी करून तीच जागा दोन दिवसांत घेतली गेली.

नळ आधी, फौज नंतर

याच सुमारास सिनाईच्या वाळवंटात दुसरी रीत दिसली. तिची सुरुवात तुर्कांनी केली. जानेवारी 1915 मध्ये जमाल पाशाची सुमारे 20 हजारांची फौज थंडीचे दिवस निवडून, रात्री चालत, उंटांवर पाणी घेऊन सिनाई पार करून सुएझ कालव्यापर्यंत आली. 3 फेब्रुवारीचा हल्ला हिंदी पलटणींनी परतवला. पण एवढी फौज वाळवंटातून नेऊन परत आणणे हे मोठे काम होते, हे शत्रूनेही मान्य केले.

त्यानंतर इंग्रजांनी उलट दिशेने सरकायला सुरुवात केली, ती गोगलगाईच्या चालीने. कंतारा येथे नाईलचे पाणी गाळून 12 इंची नळाने पूर्वेकडे नेले. शेजारून रेल्वे टाकली. नळ जिथपर्यंत पोहोचला तिथपर्यंतच फौज. 1917 च्या सुरुवातीला नाईलचे पाणी अल-अरीशला पोहोचले होते. तरी गाझावरचे मार्च आणि एप्रिलमधले हल्ले फसले.

मग जनरल ॲलनबी आले. तिसरा आराखडा बीर अस्-सबाच्या विहिरींभोवती बांधला गेला. हे गावाचे नावच विहिरीवरून पडलेले. किनाऱ्यापासून इतक्या आत जाणारे घोडदळ पाण्याविना दुसरा दिवस काढू शकणार नव्हते. म्हणून खलासा आणि असलूज या वाटेवरच्या ओसाड जागांच्या जुन्या विहिरी आधीच गुपचूप उपसून, दुरुस्त करून ठेवल्या. 31 ऑक्टोबर 1917 रोजी सूर्य मावळतीला आला तरी गाव पडेना, तेव्हा ऑस्ट्रेलियन घोडेस्वारांनी सरळ खंदकांवर घोडे घातले. विहिरींना सुरुंग लावलेले होते. काही उडवल्या गेल्या, पण बऱ्याच वाचल्या. तासाभराचा उशीर झाला असता, तर एवढी मोठी फौज तहानेने मागे फिरली असती.

दुजैला आणि बीर अस्-सबा ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एकात पाणी हे नकाशाच्या कडेला लिहिलेले टिपण होते. दुसऱ्यात ते नकाशाच्या मध्यभागी होते.

भिश्ती

या सगळ्या आराखड्यांच्या शेवटच्या टोकाला, नळ संपतो किंवा नदीचा काठ संपतो तिथून खंदकापर्यंत, पाणी कोण नेत होते? भिश्ती.

हिंदी फौजेच्या प्रत्येक पलटणीबरोबर भिश्ती असत आणि ते बहुतेक मुसलमान असत. पाठीवर कातड्याची मश्क, खेचरावर पखाल. 'पखाल' हा आपल्याकडचा शब्द इंग्रजांनी लष्करी कागदपत्रांत जसाच्या तसा घेतला. गोळीबार चालू असताना शिपाई खंदकात आडवा होत असे. भिश्ती मात्र पाठीवरच्या ओझ्यामुळे वाकून का होईना, पण उघड्यावर चालत असे. भरलेली मश्क घेऊन धावता येत नाही आणि गोळी मश्कीला लागली तरी खेप वाया जाते. तरीही सरकारी दप्तरात तो शिपाई नव्हता. आचारी, सफाईवाला यांच्यासारखा तो 'फॉलोअर', म्हणजे मागून येणारा. पगार कमी, हक्क कमी, पदकाची आशा त्याहून कमी.

भिश्ती या शब्दाचे मूळ बिहिश्त, म्हणजे जन्नत, असे सांगतात. तहानलेल्याला पाणी देणारा तो जन्नतचा. चौसाच्या लढाईत 1539 साली निजाम नावाच्या भिश्तीने हुमायून बादशहाला आपल्या फुगवलेल्या मश्कीवर गंगेपार नेले आणि बादशहाने त्याला थोडा वेळ तख्तावर बसवले, ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. पण भिश्ती समाज स्वतःचे नाते त्याहून वरच्या ठिकाणी जोडतो. अनेक जण स्वतःला अब्बासी म्हणवतात, ते करबलाच्या हजरत अब्बास (रजि.) यांच्या नावावरून. मुलांसाठी फुरातचे पाणी मश्कीत भरून परतताना ते शहीद झाले.

ज्या इराकात आपले भिश्ती मश्क घेऊन फिरले, त्याच देशात करबला आहे. हिजरी सन 61 च्या मुहर्रममध्ये इमाम हुसैन (रजि.) यांच्या तंबूंना नदीचे पाणी बंद करण्यात आले. त्या तंबूंत बायका होत्या, तान्ही मुले होती. फौजेने पाण्याची जागा धरणे वेगळे आणि लेकराच्या तोंडचे पाणी तोडणे वेगळे, ही रेघ तेव्हापासून प्रत्येक मुसलमानाच्या मनात कोरलेली आहे. आपल्या कडेगावात गगनाला भिडणारे ताबूत निघतात, हिंदू-मुसलमान मिळून ते उचलतात, गावोगावी सबीलवर सरबत वाटले जाते, त्या सगळ्याच्या मुळाशी ती तहान आहे. जगाच्या कायद्याने ही रेघ फार उशिरा ओढली. जिनिव्हा करारांना 1977 साली जोडलेल्या मसुद्यात सामान्य लोकांच्या पिण्याच्या पाण्याची साधने नष्ट करण्यास बंदी घातली गेली. ती आजही सर्रास मोडली जाते, हे बातम्यांतून आपण पाहतोच.

मिरजेहून निघालेली गाडी

पाण्याची मोहीम लढाईशिवायही निघते. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहर कोरडे पडले तेव्हा पाणी सांगली जिल्ह्यातून, मिरज जंक्शनवरून गेले. कृष्णेचे पाणी, रेल्वेची जुनी हैदरखान विहीर, तिथून यार्डापर्यंत नळ, आणि आतून वाफेने धुऊन घेतलेल्या टाक्यांची गाडी. 12 एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोहोचली. 10 टाक्या, सुमारे 5 लाख लिटर. आपण वर धरलेल्या फौजेला हे पाणी जेमतेम दोन दिवस पुरले असते. लातूरच्या लोकवस्तीत ते माणशी लिटरभर झाले असते. मग 50 टाक्यांच्या, 25 लाख लिटरच्या गाड्या धावू लागल्या. फिटर, पंपावरचा माणूस, गाडीचा चालक, टाक्या धुणारे मजूर यांनी जे केले, ती मोहीमच होती. तिने कोणाचा जीव घेतला नाही, अनेकांचे जगणे सावरले.

आपल्या भागात हे शिक्षण जुने आहे. एका टोकाला महाबळेश्वरचा धो धो पाऊस आणि दुसऱ्या टोकाला म्हसवडचा कोरडा माळ, दोन्ही एकाच जिल्ह्यात. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून कोरड्या तालुक्यांत न्यायचे, यावर इथले राजकारण कितीतरी वर्षे फिरत राहिले. पाणी, गवत आणि आग यांत सर्व माणसांचा वाटा आहे, आणि गरजेपुरते घेऊन उरलेले पाणी दुसऱ्यापासून अडवू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे. ती मोटेच्या काळात खरी होती, बोअरवेलच्या काळात तर जास्तच खरी आहे.

आता घरातले काम

मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठे स्मारक बांधले गेले. 40 हजारांहून अधिक माणसांची ती आठवण. 1997 साली ते तिथून हलवून नासिरियाच्या वाटेवर नेण्यात आले. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरलेली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावे नाहीत, पलटणीच्या नावापुढे फक्त आकडा आहे. शिपायाची ही गत, तर भिश्त्याची काय असेल!

आज राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या नोंदींत यांतली बरीच नावे शोधता येतात. बापाचे नाव आणि गावही काही ठिकाणी दिलेले असते. इंग्रज कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, त्यामुळे तासगाव, विटा, कऱ्हाड, शिराळा ही नावे वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधावी लागतात. हे काम कॉलेजात शिकणारी मुले-मुली एका सुट्टीत करू शकतात. घरातल्या ट्रंकेत एखादे काळवंडलेले पदक असेल, तर त्याच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते घासूनपुसून चकचकीत करू नये, अक्षरे झिजतात. भिंगाखाली धरून वाचावे. दादी-नानी कोणाबद्दल 'बसऱ्याला गेला तो आलाच नाही' असे म्हणत असतील, तर तो कोण, कोणाचा मुलगा, कोणत्या मोहल्ल्यातला, एवढे आजच लिहून ठेवावे.

आणि घराण्यात कोणी मश्क वाहिली असेल, तर तेही लिहावे, लाजू नये. सेनापतींची चरित्रे छापली गेली आहेत. ज्याच्या पाठीवरून ते पाणी खंदकापर्यंत गेले, त्याचे नाव फक्त त्याच्या घरातच सापडेल.